आधी खोड सांगणारे भाऊजी

विक्रीच्या धंद्याला आमच्या भाऊजींइतका नालायक माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात परदेशी लष्कराला माल विकून आलेला माणूस मात्र तेवढा एकच. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला अकोल्याला जठारपेठेत, आणि एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप. मी अमरावतीची. आम्ही अमरावतीकर अकोल्याचं नाव निघालं की आधी उन्हाविषयी बोलतो आणि मग मुद्द्यावर येतो. त्यावर भाऊजी म्हणायचे, "आमचं ऊन निदान काम त करते. तुमच्या अमरावतीचं ऊन बी प्रोफेसरावानी, नुसतं बोलते." मी अमरावतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे हा टोला सरळ मलाच असायचा. नातं मेहुणी-भाऊजींचं, तेव्हा मीही तो व्याजासकट परत करायची, आणि ताई मध्ये बसून दोघांनाही चहा देत राहायची. जगाला ते मोठे कारखानदार वगैरे वाटावेत असं त्यांच्यात काहीच नव्हतं. खिशात पेन्सिल, कानाच्या पाळीला बारीक कापूस चिकटलेला, आणि हातात पुरुषभर उंचीची लोखंडी सळई.

ही सळई म्हणजेच भाऊजींचा जन्मभराचा उद्योग. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, आवारात कापसाच्या घराएवढाल्या गंज्या लागतात. त्यात थोडा ओला कापूस दबला गेला, की तो आतल्या आत तापायला लागतो. वरून पाहावं तर पांढरीशुभ्र गंजी, आणि पोटात विस्तव. बाहेर धूर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. भाऊजींनी एक पोकळ सळई तयार केली, तिच्या टोकाशी ऊब आणि ओल ओळखणारा एक भाग बसवला आणि मुठीजवळ एक डबी. सळई गंजीत खुपसून ठेवायची. आत तापायला लागलं की डबी ओरडायची. डबीतलं तारांचं काम भाऊजींचं आणि लोखंडाचं काम हनीफभाईंचं. हनीफभाई त्यांचे भागीदार, लेथवरचे उस्ताद, आणि सकाळी वर्कशॉप उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत त्यांच्याशी भांडणारे एकमेव गृहस्थ. भाऊजी म्हणायचे टोक बारीक पाहिजे, हनीफभाई म्हणायचे जाड पाहिजे, आणि शेवटी टोक जसं असायचं तसंच राहायचं. त्या दोघांशिवाय वर्कशॉपमध्ये सात-आठ माणसं होती. ती हे भांडण रेडिओसारखं ऐकत आपापलं काम करायची.

सळई घेतल्याशिवाय भाऊजी कुठे जात नसत. एसटीत कंडक्टर विचारायचा, हे काय आहे, तर हे सांगत बसायचे, आणि गाडी मूर्तिजापूर सोडेपर्यंत निम्म्या प्रवाशांना गंजीच्या पोटात काय चालतं ते पाठ झालेलं असायचं. दिसेल त्या ढिगात सळई खुपसून पाहायची हा त्यांचा हातचा चाळा होता. लोकांच्या गव्हाच्या कोठीत, कडब्याच्या गंजीत, एकदा तर एका मंगल कार्यालयातल्या तांदळाच्या पोत्यातही. माझ्या लग्नात आमच्या वडिलांनी आंदण म्हणून नव्या गाद्यांचा ढीग मांडला होता. सासरची मंडळी कौतुकानं पाहत उभी होती. भाऊजींनी सहज जाता जाता त्या ढिगात सळई घातली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ती किंचाळली. भाऊजी माझ्या सासऱ्यांना शांतपणे म्हणाले, "कापूस ओला भरला हाये. दोन दिवस उन्हात टाका, मंग काई होत नाई." गाद्या दिल्या होत्या त्यांच्याच सासऱ्यांनी, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. आमचे वडील नंतर बरेच दिवस जावयाचं नाव निघालं की चष्मा पुसायला घ्यायचे.

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती, आणि ती वाडवडिलांकडून आलेली होती. त्यांचे वडील बैलबाजारात दलाल होते. त्या बाजाराची एक रीत होती. बैल विकताना त्याची खोड आधी, चार लोकांसमोर, मोठ्यानं सांगायची आणि मगच दावं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. बैल लाथ मारतो, पाण्यात बसतो, डाव्या अंगाला ओढतो, जे असेल ते. न सांगितलेली खोड मागाहून निघाली, तर तो बैल दलालाच्या दारात परत येऊन बांधला जायचा, आणि त्यापेक्षा मोठी बेअब्रू त्या बाजारात नव्हती. भाऊजी बैलाच्या धंद्यात गेले नाहीत, पण ही रीत त्यांनी जशीच्या तशी उचलली आणि आयुष्यातल्या प्रत्येक व्यवहाराला लावली. ताईला पाहायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेण्याआधी त्यांनी आमच्या वडिलांना सांगितलं, "मी डिप्लोम्यात दोन डाव नापास झालो. घोरतो. चहा थंडा झाला त रागावतो. आन बोलाले लागलो की थांबत नाई. हे आयकून मंग काय थे ठरवा." मधला माणूस कपाळाला हात लावून बसला. वडील आत येऊन आईला म्हणाले, बाकीच्यांचं लग्नानंतर कळतं, याचं आधीच कळलं, एवढा फायदा कोण सोडतो.

सळईही ते अशीच विकायचे. जिनिंगवाल्यासमोर सळई आडवी ठेवायची आणि पहिलं वाक्य हे असायचं: "ही भित्री हाये. पाऊस पडला की उगीच वरडते. धा डाव वरडली त नऊ डाव आत काई नसते. पण आतून तापून राह्यलं आन ही गप बसली, असं कदी होत नाई. म्हनून दर डाव उठून पाहा लागते. ज्याले कंटाळा असन त्यानं घेऊ नये." वऱ्हाडातल्या जिनिंगवाल्यांचे बापजादे त्याच बाजारातून बैल घेत आलेले. ते हसायचे, हनीफभाईंनी टोक जाड केलंय की बारीक ते बोटानं चाचपायचे, आणि सळई घेऊन जायचे. अकोला, मूर्तिजापूर, धामणगाव, जिथे कापूस तिथे भाऊजींची सळई, असं बरीच वर्षं चाललं.

मग ती वर्षं आली. ती कशी होती ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून समजत नाही. कापसाला भाव राहिला नाही, बियाणं बदललं, खतं महागली, आणि आज कुठल्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिला असेल या विचारानं सकाळचा पेपर उघडायची भीती वाटू लागली. जिनिंग एकेक करून हंगाम संपण्याआधीच बंद व्हायला लागल्या, मग काही उघडल्याच नाहीत. ज्या आवारात पाय ठेवायला जागा नसायची तिथे कुलपं आणि गवत. ज्याच्या घरी गंजीच नाही तो सळई घेऊन काय करणार? भाऊजींच्या शेडमध्ये तयार सळया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांची रांग वाढत गेली. लेथ निम्मा दिवस बंद राहू लागला. ताई एकदा म्हणाली, शेड गोडाऊनसाठी भाड्यानं देऊन टाकू, निदान घर चालेल. भाऊजींनी हातातली सळई भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "शेडचं भाडं येईन. पन हनीफभाई सकाळी उठून जाईन कुठी? आन थे पोरं? आन मी भांडू कोनाशी?" वर्कशॉप चालू राहिलं पाहिजे, त्यांना एवढंच हवं होतं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता.

वाट दाखवली ती एका जुन्या गिऱ्हाइकानं. तो लष्कराच्या दारूगोळ्याच्या भांडारात नोकरी करून निवृत्त झाला होता आणि भावाची जिनिंग सांभाळत होता. तो म्हणाला, दारूगोळा म्हणजे काय, कापसाच्या गंजीसारखाच. पेट्यांवर पेट्या रचलेल्या, आत ओल गेली, ऊब धरली, की काय होईल सांगता येत नाही, आणि दर वेळी थप्पी उलगडून पाहणं जिवावर येतं. तुमची सळई तिथे चालेल. भाऊजींनी आधी आपल्याच देशात अर्ज करून पाहिले. चाचण्या, परवानग्या, उंबरठे. ते सगळं चालूच राहिलं. त्यात एका सरकारी कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं की परदेशात संरक्षण सामग्रीची प्रदर्शनं भरतात, छोट्या उद्योगांना आपला देश आपल्या दालनात जागा देतो, खर्चाचा काही भाग उचलतो. तिथे लहान देशांचे लष्करी अधिकारी येतात. त्यांना मोठ्या कंपन्या विचारत नाहीत, आणि ते छोट्या कंपन्यांच्या शोधात असतात. झालं. भाऊजींनी मला अमरावतीला फोन केला. "प्रोफेसर, रजा टाक. आपल्याले लढाईच्या बाजारात जायचं हाये."

जाण्याआधी पुण्याच्या एका सल्लागाराचा वर्ग होता. मी भाऊजींबरोबर गेले. तो तरुण मोठा हुशार होता आणि आजही मला त्याचं बहुतेक सगळं पटतं. तो म्हणाला, प्रदर्शनात कोणी माल विकत घेत नाही. तिथे फक्त ओळख होते. भेटी जाण्याआधीच ठरवून घ्या. बडे सेनापती फोटो काढायला येतात, त्यांच्यामागे धावू नका. भांडारं आणि दुरुस्ती सांभाळणारा, थकलेला, एकटा फिरणारा अधिकारी शोधा. पहिल्या वर्षी तुम्ही नुसते दिसता, दुसऱ्या वर्षी ओळखू येता, तिसऱ्या वर्षी बोलणं सुरू होतं. म्हणून एकदाच जाणार असाल तर जाऊच नका. भाऊजी मान डोलावत होते. आठवड्याच्या बाजाराचं गणित याहून वेगळं काय असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी सल्लागार म्हणाला, आणि आपल्या मालातला दोष स्वतःहून कधीही सांगायचा नाही. भाऊजींची मान थांबली. "मंग कोनी सांगायचा?" त्यांनी विचारलं. वर्गात हशा पिकला. ते खरोखरच विचारत होते.

पहिल्या वारीला, म्हणजे पहिल्या प्रदर्शनाला निघालो तेव्हा सामानात सळई, माहितीपत्रकं, चकल्यांचा डबा आणि मोठी पिशवी भरून सरकीसकट कापूस होता. सळई दाखवायची तर ढीग पाहिजे, आणि परक्या देशात ढीग कुठून आणायचा, हे भाऊजींचं म्हणणं. प्रदर्शन एका आखाती शहरात होतं. तिथल्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यानं पिशवी उघडली, कापूस हातात घेतला, सळईकडे पाहिलं आणि विचारलं, कुठे निघालात? मी शस्त्रप्रदर्शनाचं नाव सांगितलं. त्यानं पुन्हा कापसाकडे पाहिलं. मग साहेबाला बोलावलं, साहेबानं आणखी मोठ्या साहेबाला. प्रत्येकाच्या हातात भाऊजींनी थोडा थोडा कापूस दिला आणि धाग्याची लांबी कशी पाहायची ते करून दाखवलं. शेवटी तिघंही बोटांनी कापूस ओढत उभे राहिले आणि आम्हाला जा म्हणाले.

प्रदर्शनाचं दालन एवढं मोठं की आपलं मूर्तिजापूर जंक्शन फलाटांसकट आत मावावं. जिकडे तिकडे रणगाडे, क्षेपणास्त्रं, विमानांचे सांगाडे, झगमगीत दिवे. आपल्या देशाच्या दालनात मागच्या कोपऱ्यात आम्हाला एक टेबल, एक फळा आणि शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यायचा एक प्लग मिळाला. समोर एका बलाढ्य कंपनीचा रणगाडा गोल गोल फिरत होता. भाऊजींनी पहिल्या तासात दोन गोष्टी केल्या. टेबलावर कापसाची लहानशी गंजी रचली आणि दालनाच्या व्यवस्थापकाशी खुणांनी बोलून कुठून तरी पाच खुर्च्या पैदा केल्या. एवढ्या अफाट बाजारात लोकांना बसायला जागा नव्हती. सगळे उभे राहून बोलत होते. "मानूस उभा असला की त्याचा जीव पायात असते," भाऊजी म्हणाले. दुपारपर्यंत आमच्या खुर्च्यांवर तीन देशांचे लष्करी अधिकारी बूट सैल करून बसलेले होते आणि भाऊजी त्यांना चकल्या देऊन गावाचं नाव, मुलंबाळं, पाऊसपाणी विचारत होते. ते मराठीत विचारायचे, मी इंग्रजी करायचे, ते आपल्या भाषेत एकमेकांत बोलायचे आणि हसायचे. माझा घसा बसला, पण एवढी गर्दी समोरच्या रणगाड्याकडेही नव्हती.

पण चकली खाणं वेगळं आणि माल घेणं वेगळं. कोणी सळईकडे बोट दाखवलं की भाऊजींचं पहिलं वाक्य ठरलेलं: ही भित्री हाये. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या परदेशी कंपनीचा सूट घातलेला गृहस्थ आला. त्याला सळई मनापासून आवडली होती, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तो म्हणाला, पावसात उगीच ओरडते ते तेवढं काढून टाका, आणि महिन्याला हजार देता येतील का ते सांगा, पुढचं आम्ही पाहतो. मी भाऊजींना मराठीत सांगितलं आणि वर पदरचं घातलं, "हो म्हणा, मग पाहू." शेजारच्या टेबलावरचे पुण्याच्या कंपनीचे लोकही श्वास रोखून बघत होते.

भाऊजी म्हणाले, "त्याले सांग, वरड काढली त भीती बी निघून जाईन. मंग आग लागली तरी गपच राहीन."

"आणि हजारांचं काय?"

"वीस. हनीफभाईचं मन लागलं त पंचवीस."

तो गृहस्थ सभ्य होता. त्यानं हात मिळवला, कार्ड ठेवलं आणि गेला. मी ते कार्ड पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन जोरात ओढली. हॉटेलवर परतताना त्यांनीच विषय काढला. "तू रागावली ना? कावून रागावली? हजार सळया बनवाच्या म्हनजे हनीफभाईले घरी बसवून मशीन आनावं लागन. मंग मी वाचवून काय राह्यलो?" हे खरं होतं, पण राग काही गेला नाही. राग कुठला, भीतीच होती. घरी ताई वाट पाहत होती.

त्याच प्रदर्शनात एक स्थानिक दलालही भेटला होता. अत्तराचा घमघमाट, हातात तीन मोबाइल. सगळ्या मंत्रालयांत आपली ऊठबस आहे, एवढी टक्केवारी द्या, दारं उघडतो, असं तो सांगत होता. भाऊजींनी त्याला खुर्ची दिली, चकली दिली, आणि म्हणाले, "तुमी आमच्याच धंद्यातले. आमचे वडील बी दलाल होते. तुमची खोड काय थे आधी सांगा." मी हे शक्य तितक्या गोड इंग्रजीत विचारलं. दलालानं बराच विचार केला आणि म्हणाला, माझ्यात दोष नाही. "मंग नाई जमनार," भाऊजी उठून उभे राहिले.

पहिल्या वर्षी आम्ही कार्डांचा गठ्ठा आणि रिकामा डबा घेऊन परत आलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो. कुठल्या पैशांनी गेलो ते ताईच जाणे, तिनं कधी सांगितलं नाही. सल्लागाराचं बोलणं खरं ठरलं. लोक आता ओळखू लागले होते. लांबून हात हलवून येणारे होते, खुर्च्या मांडायच्या आधीच येऊन उभे राहणारे होते. त्यांच्यात एका छोट्या डोंगराळ देशाचे एक वयस्कर अधिकारी होते. त्यांच्या देशातली दारूगोळ्याची भांडारं त्यांच्या ताब्यात होती. गुडघे कायमचे दुखरे, त्यामुळे आमच्या खुर्चीवर ते जास्त वेळ बसायचे. भाऊजींनी त्यांचं नाव गुडघेवाले साहेब असं ठेवलं आणि त्यांना मोहरीच्या तेलात लसूण कढवून चोळायला सांगितलं. त्यांनी सळईच्या सगळ्या खोडी नीट ऐकून घेतल्या, एक चकली खिशात घातली आणि गेले.

तिसऱ्या वर्षी आम्ही निघालो तेव्हा वर्कशॉपमध्ये चारच माणसं उरली होती. हनीफभाई स्टेशनवर पोचवायला आले आणि म्हणाले, "भाऊ, इस बार खाली हाथ आये, तो मैं बी लेथ बेच देतो. बुरा मत मानना." भाऊजींनी त्यांचा खांदा थोपटला. त्या वेळी भांडण झालं नाही, आणि म्हणूनच मला काळजी वाटली. प्रदर्शनाचे सगळे दिवस तसेच गेले. शेवटच्या दिवशी दुपारी लोक फलक उतरवू लागले, समोरचा रणगाडा फिरायचा थांबला. तेव्हा गुडघेवाले साहेब हातात पिशवी घेऊन एकटेच आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, तुमच्या यंत्राच्या खोडी पुन्हा सांगा.

भाऊजींनी सांगितल्या. भित्री आहे, पावसात ओरडते, दर वेळी उठून पाहावं लागतं. मग म्हणाले, "आन एक नवी निघाली या साली. दोन-तीन सालं झाले की डबीचा आवाज बारीक होते. म्हतारी होते. मंग थे डबी बदला लागते."

साहेब हसले. म्हणाले, या सगळ्या दालनांत मी तीन वर्षं फिरतोय. प्रत्येकाच्या यंत्रातले दोष दर वर्षी कमी होत जातात. तुमच्या यंत्रातले तेवढे वाढले. म्हणजे तुम्ही ते वापरून पाहता. त्यांच्या एका भांडारात पूर्वी आग लागली होती आणि त्यात त्यांची माणसं गेली होती, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तिथेही यंत्रं बसवलेली होती. "आतापर्यंत मी सगळी शूर यंत्रं घेतली," ते म्हणाले. "एकही वेळेवर बोललं नाही. मला हे भित्रं पाहिजे." मी हे मराठीत सांगितलं. भाऊजींनी टेबलावरची सळई उचलली, दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली, आणि मग कितीतरी वेळ नुसतेच कापसाची गंजी सारखी करत राहिले.

प्रदर्शन तीन दिवसांचं, पण त्याचं शेपूट वर्षभर पुरतं. आपल्या सरकारची निर्यातीची परवानगी, हा माल दुसऱ्या कोणाला देणार नाही असं त्यांच्या सरकारचं लेखी, तिकडच्या चाचण्या. माझ्या कॉलेजच्या सुट्ट्या त्या पत्रव्यवहारातच गेल्या. पण काम आलं. महिन्याला वीस सळया, हनीफभाईंचं मन लागलं तर पंचवीस. गेलेली माणसं परत आली, लेथ दिवसभर सुरू झाला, आणि टोकाच्या जाडीवरून पुन्हा कडाक्याची भांडणं होऊ लागली. ताईनं शेडच्या भाड्याचा विषय पुन्हा काढला नाही. वर्कशॉप वाचलं.

त्यानंतर एका सुट्टीत मी अकोल्याला गेले होते आणि भाऊजींबरोबर वर्कशॉपमध्येच बसले होते, तेव्हा गुडघेवाल्या साहेबांचा फोन आला. मी ऐकत होते आणि तुकड्यातुकड्यानं मराठी करत होते. कुठलं भांडार ते मी सांगू शकत नाही, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. पाऊस झाला होता. सळई ओरडली. पहारेकरी म्हणाले, ही तिची खोडच आहे. पण दर वेळी उठून पाहायचं असं तुमचं सांगणं होतं, म्हणून ते उठले. आत खरंच तापलं होतं. हनीफभाईंनी लेथ बंद केला. भाऊजींनी विचारलं, "मानसं?" मी विचारलं. सगळी बाहेर आली, साहेब म्हणाले, एकही माणूस गेला नाही. तुम्हाला हे सांगायलाच फोन केला.

हनीफभाईंनी दोन्ही हात वर करून तोंडावरून फिरवले. पोरांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मला वाटलं, आता भाऊजी बोलायला लागतील आणि ठरल्याप्रमाणे थांबणार नाहीत. ते शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. समोर रस्त्यापलीकडे बंद पडलेली जिनिंग होती. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "तिथले मानसं वाचले, लय बरं झालं प्रोफेसर. पन आपल्या इथं मानसं आतल्या आत तापून राह्यले, आन कोनाले आयकूच येत नाई. त्यायच्यासाठी काई बनवलं नाई मी."

तेव्हापासून ते रविवारी स्कूटर काढून खेड्यांत जायला लागले. मूर्तिजापूरकडे, दर्यापूरकडे, जिकडून पूर्वी जिनिंगला कापूस यायचा तिकडे. सळई घरी ठेवून. मी एकदा हट्टानं मागे बसून गेले. एका घरासमोर त्यांनी स्कूटर थांबवली, ओसरीवर एक माणूस मान खाली घालून बसला होता. त्यानं विचारलं, "काय इकाले आनलं भाऊ?" भाऊजी म्हणाले, "काई नाई. बसाले आलो." आणि बसले. पाणी आलं, ते प्यायले. मग आपलं सांगायला लागले: डिप्लोम्यात कसे दोनदा नापास झाले, धंदा कसा बुडायला आला होता, बायकोला तोंड दाखवायची कशी लाज वाटायची. हे शेवटचं मला नवीन होतं. तो माणूस ऐकत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "माह्यं बी तसंच हाये भाऊ." आणि मग तो बोलत राहिला आणि भाऊजी, जे कधी गप्प बसत नसत, ते गप्प बसून ऐकत राहिले. अशानं किती फरक पडला असेल कोण जाणे. भाऊजींनी त्याचा हिशेब कधी सांगितला नाही, आणि विचारायचं माझ्या जिवावर आलं.

भाऊजी जाऊन आता बराच काळ झाला. त्यांच्या तेराव्याला घर भरलं होतं. परदेशातून साहेबांचा निरोप आला होता, उद्योगखात्यातले लोक आले होते, आणि जो तो लष्कर, निर्यात, अकोल्याचं नाव वगैरे बोलत होता. दुपारी दाराशी एक माणूस आला. पायजमा, डोक्याला दुपट्टा, लांबून आल्यासारखा दिसत होता. आत यावं की नाही असा घुटमळत त्यानं मला विचारलं, "बाई, थे बसाले येनारे भाऊ इथंच राहत होते काय?" मी हो म्हणाले. ताईनं उठून त्याला आत बोलावलं, हनीफभाईंनी सरकून त्याला आपल्याजवळ जागा करून दिली. मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे मला रडू आवरेना.